तांडेल, तारापूर आणि कुबर्नेटिस : वाढत्या भाराचा इतिहास

१/ जून २०१४ मध्ये गूगलने 'कुबर्नेटिस' ही संगणकप्रणाली जाहीर केली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र ती प्रणाली जो प्रश्न सोडवू पाहते, तो याच जिल्ह्यातील तारापूरच्या वीजवाहिन्यांना अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे. मागणी क्षणोक्षणी बदलत असेल, तर पुरवठ्याने तिच्याशी मेळ कसा राखावा?

२/ आरंभ नावापासून करू. ग्रीक भाषेत 'कुबर्नेटिस' म्हणजे सुकाणू धरणारा. सातपाटीच्या किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतील. हाच शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत गेला आणि 'गव्हर्नर' झाला. राज्यकारभार पाहणाऱ्याला तर हे नाव मिळालेच, पण एका यंत्रालाही मिळाले.

३/ १७८८ मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे बसवले. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळली जाई; वेग घटला की झडप उघडे. मोजमाप आणि कृती यांच्यामध्ये माणूस उरला नाही. १८६८ मध्ये मॅक्सवेलने या यंत्रांचे गणित मांडले. त्यातून एक धोका स्पष्ट झाला. रचना चुकली, तर गव्हर्नर वेग स्थिर करण्याऐवजी यंत्राला हेलकावे देऊ लागतो.

४/ वीजजाळ्यात हेच तत्त्व प्रचंड प्रमाणावर वापरले जाते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की जाळ्याला जोडलेली सारी जनित्रे किंचित मंदावतात आणि वारंवारता घसरते. ती घसरण हेच मागणी वाढल्याचे माप. गव्हर्नर ते ओळखून झडपा उघडतात.

५/ परंतु प्रत्येक केंद्र सारख्याच चपळाईने प्रतिसाद देत नाही. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. हे देशातील पहिले अणुवीज केंद्र. वीज महाराष्ट्र व गुजरात यांच्यासाठी. अणुभट्टी उभारण्याचा खर्च मोठा आणि इंधनाचा तुलनेने कमी, म्हणून ती अखंड व एकसमान चालवणे हिताचे ठरते. तारापूर हा पायाचा भार वाहतो.

६/ चढउतार सांभाळायला कोयनेसारखे जलविद्युत केंद्र लागते. पाणी सोडले की तेथील जनित्रे काही मिनिटांत भार उचलतात. एक संथ व स्थिर, दुसरे चपळ. कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राचे काम अशा भिन्न स्वभावाच्या केंद्रांचा मेळ घालणे, हे आहे.

७/ आणि सारी केंद्रे पूर्ण क्षमतेने चालूनही वीज अपुरी पडली तर? मराठीत त्याचे उत्तर एका सौम्य शब्दात दडले आहे : भारनियमन. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण स्थापन झाली. त्यानंतरच्या वर्षांत वीजगळती आणि वसुली यांच्या आधारे भागांचे गट पाडून अंधाराचे तास वाटले गेले. ग्रामीण भागाने ते दीर्घकाळ सोसले; मुंबई बहुतांशी प्रकाशात राहिली.

८/ आता संगणकाकडे. 'कंटेनर' म्हणजे एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे साहित्य यांची बांधलेली पेटी. गर्दी वाढली की त्याच पेटीच्या अधिक प्रती चालवायच्या. २०१५ च्या अखेरीस कुबर्नेटिसमध्ये हे काम आपोआप करणारी सोय आली. समजा, ४ प्रती चालू आहेत, सीपीयूचा अपेक्षित वापर ५० टक्के आहे आणि प्रत्यक्षात तो ९० टक्के भरला. ४ गुणिले ९० भागिले ५० म्हणजे ७.२, म्हणून ८ प्रती.

९/ हे माप साधारणतः दर १५ सेकंदांनी तपासले जाते. अपेक्षेपासूनचा १० टक्क्यांपर्यंतचा फरक दुर्लक्षित होतो आणि प्रती कमी करण्यापूर्वी ५ मिनिटे वाट पाहिली जाते. ही सावधगिरी कशासाठी? मॅक्सवेलने अभ्यासलेले हेलकावे टाळण्यासाठी.

१०/ तरीही माप उशिरा बोलते. जुलै २०१९ मधील भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना हॉटस्टारवर एकाच वेळी अडीच कोटींहून अधिक लोक पाहत होते. प्रेक्षक मिनिटाला लाखोंनी वाढत असताना नवे सर्व्हर सज्ज होईपर्यंत वेळ निघून जातो. म्हणून तेथील अभियंत्यांनी तयार स्वयंचलित सोयीवर विसंबणे टाळले. त्यांनी प्रेक्षकसंख्या व विनंत्यांचा वेग ही मापे निवडली आणि यंत्रे आगाऊ सज्ज ठेवली. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक ओसरले. पण बाहेर पडणारे सारे मुखपृष्ठावर आले आणि भार तिकडे उसळला. एकच आकडा पाहणाऱ्याला ती लाट दिसली नसती.

११/ अशा प्रसंगी शिफारशींसारख्या दुय्यम सेवा बंद करून मुख्य प्रक्षेपण वाचवण्याची तजवीजही तेथे होती. कुबर्नेटिसमध्येही हेच घडते. यंत्रे संपली की नवी प्रत ताटकळत राहते आणि अधिक प्राधान्याची प्रत आली, तर कमी प्राधान्याची बाहेर काढली जाते. प्राधान्याचा आकडा मात्र माणूस आधीच लिहून ठेवतो. भारनियमनाचा तक्ताही माणसांनीच लिहिला होता.

१२/ वॉटच्या गोळ्यांपासून आजच्या सर्व्हरपर्यंत यंत्राने मोजणे आणि वाढवणे शिकून घेतले. वाढ खुंटल्यावर कोणाला वगळायचे, हे ते स्वतः ठरवत नाही. आधी लिहिलेला क्रम फक्त पाळते. म्हणून अशा प्रत्येक व्यवस्थेचा इतिहास अभ्यासताना क्षमतेच्या आकड्यासोबत प्राधान्याचा तक्ताही मागावा. सुकाणू कोणाच्या हातात होते, हे त्या तक्त्यातच कळते.