प्रतिजैविकांविषयीच्या जनजागृतीचे मापन

प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, केव्हा व कशी घ्यावीत आणि जिवाणू त्यांना दाद का देईनासे होतात, याविषयी सामान्य लोकांना काय माहीत आहे आणि ते प्रत्यक्षात कसे वागतात, हे सर्वेक्षणाद्वारे तपासण्याला प्रतिजैविकांविषयीच्या जनजागृतीचे मापन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या जागतिक कृती आराखड्यातील पाच उद्दिष्टांपैकी पहिले उद्दिष्ट जनजागृतीचे आहे. भारताच्या २०१७–२०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यातही त्यास स्थान होते.

पद्धत

अशा सर्वेक्षणांत ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण या तीन अंगांनी प्रश्न विचारले जातात. ‘सर्दी प्रतिजैविकाने बरी होते का?’ हा ज्ञानाचा, तर ‘मागील वेळी हे औषध कोणाच्या सल्ल्याने घेतले?’ हा आचरणाचा प्रश्न होय. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत अशा औषधांच्या वेष्टनावरील लाल रेषेचा अर्थ विचारूनही माहिती तपासता येते. या रेषेविषयीची मोहीम भारतात २०१६ मध्ये सुरू झाली.

निष्कर्ष

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये भारतासह १२ देशांत सुमारे १०,००० लोकांचे सर्वेक्षण केले. त्यांपैकी ६४ टक्के लोकांना सर्दी व फ्लू प्रतिजैविकांनी बरे होतात असे वाटत होते. वस्तुतः हे आजार विषाणूंमुळे होतात व प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. भारतात हे प्रमाण ७५ टक्के होते. प्रतिरोध जिवाणूंमध्ये निर्माण होतो; तथापि तो रुग्णाच्या शरीरात निर्माण होतो, असे एकूण ७६ टक्के लोकांनी मानले.

भाषेची अडचण

मराठीत बोलताना बहुधा ‘अँटिबायोटिक’ किंवा ‘स्ट्राँग गोळी’ असे म्हटले जाते. ‘प्रतिजैविक’ हा शब्द मुख्यतः लेखनात आढळतो. ‘प्रतिरोध’ आणि ‘रोगप्रतिकारशक्ती’ या शब्दांतील साम्यामुळे पहिली गोष्ट हितकारक वाटण्याचा संभव असतो. त्यामुळे ‘औषध जंतूंवर चालेनासे होते’ अशी सोपी शब्दयोजना न केल्यास उत्तरदात्याचे अज्ञान मोजले जाते की प्रश्नाची दुर्बोधता, हे सांगता येत नाही.

मर्यादा

योग्य उत्तर देणारी व्यक्ती योग्य आचरण करतेच असे नाही. शिवाय भारतातील वरील सर्वेक्षण ऑनलाइन झाल्याने इंटरनेट न वापरणारे लोक त्यातून वगळले गेले. आचरण तपासण्याच्या दृष्टीने कुष्ठरोगाचे उदाहरण उद्बोधक आहे. पनवेल तालुक्यातील नेरे येथील ‘शांतिवन’सारख्या संस्थांच्या कार्यामुळे हा रोग व त्याच्या रुग्णांचे पुनर्वसन महाराष्ट्राला परिचित आहे. केवळ डॅप्सोन या औषधाने उपचार होत असताना त्याला दाद न देणारे जिवाणू आढळले. म्हणून १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस झाली. त्यात रिफॅम्पिसिनची मात्रा महिन्यातून एकदा देखरेखीखाली दिली जाते आणि उरलेल्या गोळ्या मोजून रोजचे औषध घेतले की नाही, हे पडताळता येते. सर्वेक्षणातील उत्तरांना अशा पडताळणीची जोड दिल्यास जनजागृतीचा खरा परिणाम कळू शकतो.