हाका, मचाण आणि कॅमेरा

व्हिडिओ गेम म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला धडाधड गोळ्या, पळापळ आणि शेवटी 'गेम ओव्हर' एवढंच आठवतं. त्यामुळे 'पोकेमॉन स्नॅप' पहिल्यांदा बघितला तेव्हा गंमतच वाटली. १९९९ साली निन्टेन्डो ६४ वर आलेला हा जपानी खेळ. यात कुणाला मारायचं नाही, कुणाला पकडायचंही नाही. एका बेटावर गाडीत बसून फिरायचं आणि दिसतील त्या प्राण्यांचे फोटो काढायचे, बस्स. एका फेरीला साठ फोटो, मग रोल संपला. परत आलं की ओक नावाचे प्राध्यापक गुण देतात: प्राणी किती मोठा दिसतोय, कसा उभा आहे, मधोमध आलाय का.

याचा पुढचा भाग यायला तब्बल बावीस वर्षं लागली. २०२१ मध्ये 'न्यू पोकेमॉन स्नॅप' आला. माझी भाची तो खेळते तेव्हा घरात कूलरच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नसतो. "मामा, बघ ना, झोपलाय तो!" असं मधूनच हळूच म्हणते, तेवढंच. म्हणजे पडद्यावरच्या प्राण्याची झोपमोड होऊ नये म्हणून ही इकडे कुजबुजते!

आता मी पडलो नागपूरकर. ठरलेल्या वाटेने जाणारी उघडी गाडी, दोन्ही बाजूंना जंगल आणि हातात कॅमेरा, हे बघितल्यावर मला दुसरं काय आठवणार? पेंच, ताडोबा, उमरेड. आमच्याकडे दर रविवारी पहाटे हाच खेळ चालतो, फक्त गाडीचं नाव जिप्सी. पण या खेळाच्या मागे जो इतिहास आहे तो काही इतका शांत नाही, बरं का.

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. या प्रांतातली जंगलं नक्की कुठे किती आहेत, हे साहेबालाही ठाऊक नव्हतं. ती हुडकायला निघालेल्यांपैकी एक कॅप्टन जेम्स फोरसिथ. १८६२ मध्ये तो पचमढीला पोचला. त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ मध्ये निघालं. त्याच्या उपशीर्षकात जंगलं, तिथल्या जमाती, प्राण्यांची माहिती आणि शिकार, सगळं एकाच ओळीत आहे. त्या काळी जंगल बघणं आणि जंगलात मारणं ही दोन वेगळी कामं नव्हतीच. बंदुकीशिवाय रानात जाणारा साहेब विरळा.

आणि शिकारीची पद्धत कशी? हेला बांधून ठेवायचा. वाघाने तो मारला की त्या गाऱ्याजवळ मचाण बांधून बसायचं. नाहीतर हाका करायचा, म्हणजे गावातली माणसं ढोल, डबे वाजवत एका बाजूने येणार, वाघ दुसऱ्या बाजूने निघणार आणि तिथे साहेब नेम धरून बसलेला. ज्यांनी आयुष्य धोक्यात घालून हाका केला त्यांची नावं कुठे नाहीत. वाघाची लांबी मात्र इंचापर्यंत लिहिलेली! आपला अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, बघितलाच असेल तुम्ही. तिथल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या काचेच्या डोळ्यांत तो सगळा काळ अजून बसून आहे.

कॅमेरा आणि बंदूक यांचं नातंही जुनंच. १८८२ मध्ये एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. उडत्या पक्ष्यावर नेम धरून चाप ओढायचा, की सेकंदाला बारा चित्रं. इंग्रजीत गोळी आणि फोटो दोन्हींना एकच क्रियापद चालतं. आपली मराठी त्या मानाने सोज्वळ. आपण गोळी झाडतो, पण फोटो 'काढतो', चित्र काढावं तसा.

हा शब्द खरा करून दाखवणारा माणूस म्हणजे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. संयुक्त प्रांतातला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडकडचा वन अधिकारी. बंदूक बाजूला ठेवून त्याने जंगलातल्या वाटेवर तार आडवी लावली. वाघाचा पाय तारेला लागला की लखकन उजेड पडायचा आणि फोटो निघायचा. १९२७ मध्ये त्याचं वाघांच्या फोटोंचं पुस्तक आलं. त्याच्या या पद्धतीतली मेख बघा. हाका नाही, आरडाओरड नाही. फोटो निघतो तेव्हा फोटोग्राफर तिथे नसतोच! वाघ त्याच्या वाटेने, त्याच्या वेळी येतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी आपलं नागपूरच. १९७२ च्या मोजणीत देशात १८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट. बंदूक गेली, कॅमेरा आला. संपली गोष्ट?

नाही ना. बंदूक गेली, पण शिकाऱ्याच्या सवयी मागे राहिल्या. त्या खेळातही बघा, प्राणी जवळ यावा म्हणून सफरचंद फेकता येतं, आणि लपून बसला असेल तर धुराचा गोळा फेकून त्याला बाहेर काढता येतं. म्हणजे आमिष आणि हाका! पडद्यावर त्याने कुणाचं बिघडत नाही. खेळ बंद केला की तो प्राणीही नाही आणि त्याची भीतीही नाही. त्या खेळातली शांतता अशी फुकट मिळालेली आहे.

उमरेड-कऱ्हांडल्यात ती फुकट मिळत नाही. २०२४ च्या शेवटच्या दिवशी तिथे एफ-२ ही वाघीण आणि तिची पाच बछडी पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये अडकली. पुढेही गाड्या, मागेही गाड्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत एकही बंदूक नव्हती, होते ते कॅमेरे आणि मोबाइल. पण वाघिणीच्या बाजूने विचार करा. चारही बाजूंनी माणसं आली की ती त्याला काय म्हणणार? माझ्या मते हाकाच.

गंमत म्हणजे वाघाच्या सगळ्यात उपयोगी फोटोंना ओक प्राध्यापकांनी काठावरसुद्धा पास केलं नसतं. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले होते. साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले, त्यांत वाघांचे ७६,६५१. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, आणि कुठल्याही दोन वाघांचे तर नसतातच. त्यावरूनच कुठला वाघ कोण हे ओळखतात. अर्धं शेपूट कापलेलं, मान चौकटीबाहेर, रात्रीचा करडा उजेड... असे फोटो कुणी भिंतीवर लावत नाही. पण वाघ किती उरले हे त्यांनीच सांगितलं. आणि ते काढताना मागे-पुढे गाड्या लावून कुणाची वाट अडवावी लागली नाही. चॅम्पियनच्या तारेचेच हे वारस.

म्हणून मला वाटतं, त्या खेळातून जंगलात न्यायचीच असेल तर सफरचंदं आणि धुराचे गोळे नकोत, ती साठ फोटोंची मर्यादा न्यावी. रोल संपला, की उरलेला वेळ नुसतं बघायचं. वाघ दिसला नाही तरी पळसाच्या झाडावर तुरेवाला सर्पगरुड बसलेला असतोच. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून जी मुलगी घरात कुजबुजते, ती जंगलात ओरडणार नाही, एवढी खात्री मला आहे.

असो. येत्या सुट्टीत तिला पेंचला नेणार आहे.