सागरातून साग, गर आणि सार

पालकहो, मोठ्या शब्दातून छोटे शब्द काढायचा खेळ मुलं इथे शाळेत इंग्रजीत खेळतात. आपल्याकडे तो किती जुना आहे, ठाऊक आहे?

७व्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात, बाणभट्टाने संस्कृतात 'कादंबरी' लिहिली. (मराठीतला 'कादंबरी' हा शब्द तिच्यावरूनच आला.) तिच्यातला शूद्रक राजा फावल्या वेळात जे खेळ खेळतो, त्यांत 'अक्षरच्युतक' आणि 'मात्राच्युतक' आहेत. म्हणजे एखादं अक्षर किंवा काना-वेलांटीसारखं चिन्ह गाळायचं, की निराळाच अर्थ निघतो. पुढे ९व्या शतकात रुद्रटाने 'काव्यालंकार' या ग्रंथात मात्रा आणि अनुस्वार गाळण्याचे प्रकार नुसते खेळापुरते ठरवले.

आपल्याला तेच तर हवंय! 'सागर' घ्या. पहिलं अक्षर काढलं की गर, मधलं काढलं की सार, शेवटचं काढलं की साग. 'दार'चा काना काढला की दर. 'खंत'मधला अनुस्वार पुसला की खत.

इंग्रजीत सुटी अक्षरं हवी तशी फिरवता येतात. आपल्याकडे काना, मात्रा, अनुस्वार अक्षराला चिकटूनच असतात. परदेशातली बरीच मुलं मराठी छान बोलतात, पण वाचताना नेमकी तिथेच अडतात. एका कान्याने शब्द कसा बदलतो, हे या खेळात हसतखेळत कळतं.

आज जेवताना मुलांना 'कादंबरी' द्या. 'बरी' लगेच सापडेल. अनुस्वार पुसायची मुभा आहे; मग 'दरी' कोण आधी काढतंय, बघू!