सुरक्षा समिती (कारखाना)

सुरक्षा समिती ही कारखान्यातील आरोग्य व सुरक्षिततेच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभागी करून घेणारी वैधानिक समिती होय. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर (१९८४) कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांना अशी समिती बंधनकारक झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम (ता. खेड) या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने अनेक असल्याने तेथे या तरतुदीला विशेष महत्त्व आहे.

समितीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसंख्य असावेत, असे या दुरुस्तीने ठरवले. धोकादायक कामावरील कामगाराची नेमणुकीपूर्वी आणि त्यानंतर कमाल १२ महिन्यांच्या अंतराने वैद्यकीय तपासणी करणे व त्याला स्वतःच्या आरोग्यनोंदी पाहू देणे, या जबाबदाऱ्याही कारखानदारावर आल्या. जीविताला वा आरोग्याला तातडीचा धोका जाणवल्यास कामगार स्वतः किंवा समिती-सदस्यामार्फत कारखानदाराला व त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. त्यामुळे कामगार केवळ तपासणीचा लाभार्थी न राहता निर्णयप्रक्रियेचा भागीदार ठरतो.

व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही सुरक्षा समितीची तरतूद असून, तीनुसार कामगार-प्रतिनिधींची संख्या मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू शकत नाही.