तिसऱ्या तबकडीवरचा राग

लेड झेपेलिनचे चाहते दोन विषयांवर तावातावाने भांडतात. कुठला अल्बम फसला, आणि कुठल्या अल्बमला न्याय मिळाला नाही. गंमत म्हणजे मी ऐकलेल्या भांडणांत दोन्हीकडे एकच नाव हटकून येतं... ऑक्टोबर १९७० मध्ये आलेला 'लेड झेपेलिन ३'.

तुम्ही म्हणाल, फसला कसा? अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता की! होता. पण खाली घसरलाही लवकर. अमेरिकेतला आजवरचा प्रमाणित खप बघा: दुसऱ्या अल्बमचा १ कोटी २० लाख, चौथ्याचा २ कोटी ४० लाख, आणि मधल्या ह्या बिचाऱ्याचा ६० लाख.

मुळात १९६९ ह्या एकाच वर्षात ह्यांचे पहिले दोन अल्बम आले होते. दुसऱ्याने तर बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं. आता लोकांना तोच दणका पुन्हा हवा होता. आणि नेमकं तेव्हा जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट वेल्समधल्या एका झोपडीवजा घरात जाऊन राहिले. ब्रॉन-यर-ऑर (हे नाव माझ्याच्याने नीट उच्चारवत नाही). तिथे वीज नाही, नळाचं पाणी नाही. प्लांट लहानपणी घरच्यांबरोबर तिथे आलेला होता. वीजच नाही म्हटल्यावर हातात अकूस्टिक गिटार येणार हे ओघानं आलंच.

तबकडी सुरू होते ती मात्र 'इमिग्रंट साँग'च्या आरोळीने. हे गाणं १९७० च्या जूनमधल्या आइसलँडच्या दौऱ्यातून सुचलेलं. (२०१७ च्या थॉरच्या सिनेमामुळे आमच्या घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही ते पाठ आहे.) पण तबकडी उलटली की बँजो, मँडोलिन, जुनं लोकगीत, हलका आवाज. आपल्याकडे विलंबित आधी आणि द्रुत नंतर. इथे उलटा कारभार! दणका ऐकायला आलेला माणूस दुसऱ्या बाजूला घड्याळ बघू लागला असेल तर त्याला फार दोष देता येत नाही.

समीक्षकांना मात्र मी दोष देतो. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग ह्यांची चलती होती, म्हणून हेही तसलंच करू लागले, असा शेरा तेव्हा मारला गेला. ह्यांनी पहिला अल्बम ऐकलाच नव्हता का? 'ब्लॅक माउंटन साइड' त्याच्यातच आहे, आणि त्यात अकूस्टिक गिटारीला विराम जसानी ह्यांच्या तबल्याची साथ आहे. पेज असा चिडला की पुढे जवळजवळ दीड वर्ष त्याने पत्रकारांना फारसं जवळ केलं नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये चौथा अल्बम आला तेव्हा त्याच्या वेष्टणावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. घ्या, आता फक्त ऐका!

आमच्या दादाचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, तिसरा ही चौथ्याची रंगीत तालीम. पटण्यासारखं आहे, कारण 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात त्या दुसऱ्या बाजूशिवाय मलाही सुचवता येत नाही. पण तालीम म्हटलं की कच्चेपणा गृहीत धरला जातो, आणि 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' किंवा 'दॅट्स द वे' ह्यांत कच्चं काय आहे ते त्याने एकदा सांगावं. शेवटचं 'हॅट्स ऑफ टू (रॉय) हार्पर' मात्र फुसकं आहे. ते मी त्याला देऊन टाकलं. फिरत्या चकतीचं ते वेष्टणही. ते खुद्द पेजलाही आवडलं नव्हतं.

माझा खरा मुद्दा मुंबईचा आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवून गेले, ही कथा जुने मुंबईकर अजून सांगतात. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाणी करून पाहिली. चौथ्या अल्बममधलं 'फोर स्टिक्स' आणि तिसऱ्यातलं 'फ्रेंड्स'. हिट गाणी हाताशी असताना जगाने नाक मुरडलेल्या तबकडीतलं गाणं त्यांनी उचललं. १९९४ मध्ये दोघांनी मिळून 'नो क्वार्टर' केला, त्यातही झेपेलिनच्या सगळ्या अल्बमांपैकी सर्वांत जास्त गाणी घेतली ती तिसऱ्यातलीच, चार. 'फ्रेंड्स' पुन्हा होतंच.

मुंबईतलं ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीबरोबर. दादाला लगेच पाठवलं होतं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, "तबला छान आहे." बाकी काही नाही. भांडण चालू आहे.