अंगठ्याची पत

म्हसवडच्या रस्त्याकडेला लोहारकाम करून पोट भरणाऱ्या कांताबाईंना बँकेकडून कर्ज नको होतं. पावसाळा तोंडावर होता. राहत्या जागेवर अंथरायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, तर त्यासाठी रोजच्या कमाईतले चार पैसे कुठंतरी बाजूला पडायला हवेत, एवढीच त्यांची गरज होती. बँकेनं खातं उघडायला नकार दिला, कारण इतकी बारीक रक्कम सांभाळणं बँकेला परवडत नव्हतं. कांताबाई ही तक्रार घेऊन म्हसवडच्या कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे आल्या. त्याही जाऊन विचारून आल्या, उत्तर तेच मिळालं. मग आपणच बँक काढायची, असं ठरलं.

माणदेशी महिला सहकारी बँकेच्या जन्माची ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ती सांगताना एक बाजू मात्र निसटते. गरिबाच्या बँकेची गोष्ट आपण नेहमी कर्जापासून सुरू करतो, आणि या बँकेची सुरुवात झाली ती शिल्लक ठेवायच्या हट्टापासून. पैसे मागायला आलेल्या माणसाकडे बघायची नजर वेगळी असते, ठेवायला आलेल्याकडे बघायची वेगळी. माणदेशीच्या बायका पहिल्या दिवसापासून दुसऱ्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत या संस्थेनं जे केलं त्याचा उलगडा मला तिथूनच होतो.

म्हसवड ज्या माण तालुक्यात आहे तो सातारा जिल्ह्यातला असला, तरी महाबळेश्वरचा पाऊस त्याच्या वाट्याला येत नाही. पर्जन्यछायेतला हा मुलूख. माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. जवळचा राजेवाडीचा तलाव इंग्रजी अमदानीतला, दुष्काळी कामातून झालेला. माणदेश हा शब्द महाराष्ट्रभर पोचवला तो व्यंकटेश माडगूळकरांनी. त्यांचं माडगूळ शेजारच्या आटपाडी तालुक्यात. मेंढरं, खिल्लार बैल, ज्वारी-बाजरी आणि घरटी एक तरी माणूस परगावी, असा इथला संसार. पुरुष मुंबईला हमालीला, गिरणीत किंवा सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेले. मागं घर, जनावरं आणि देणीघेणी बाईच्या अंगावर. म्हणजे व्यवहार ती करतच होती. कागदावर तिचं नाव तेवढं नव्हतं.

चेतना गाला मुंबईत वाढल्या. जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेल्या पिढीतल्या. त्याच चळवळीतले विजय सिन्हा म्हसवडचे शेतकरी-कार्यकर्ते. लग्न करून त्या म्हसवडला आल्या आणि तिथल्याच झाल्या. चळवळीतून आलेली माणसं बहुधा बँक काढत नाहीत, मोर्चे काढतात. इथं मोर्चाच रिझर्व्ह बँकेकडे वळला.

परवान्यासाठी 1996 साली केलेला पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी बऱ्याच जणींचे अंगठे होते. रिझर्व्ह बँकेला दोष देणं सोपं आहे, पण बँकेच्या संचालकाला ताळेबंद वाचता यावा, ही अपेक्षा काही वेडगळ नव्हती. सहकारी बँका बुडतात तेव्हा लोकांच्या ठेवी बुडतात, आणि महाराष्ट्रानं ते पुरेपूर पाहिलं आहे. शंका रास्त होती. चूक होती ती सहीवरून हिशेबाची अक्कल जोखण्यात.

नकाराची बातमी घेऊन चेतनाताई परतल्या तेव्हा बायकांनी रडून न दाखवता साक्षरतेचे वर्ग मागितले. दिवसभर राबून रात्री पाटी घेऊन बसायचं, असं काही महिने चाललं. मग त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या, या खेपेला बायकांना घेऊन. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती, यात आमचा काय दोष, असं त्यांनी विचारलं. पुढं आव्हानच टाकलं: तुम्ही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज सांगतो, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय तेच करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं.

ही नुसती फुशारकी नव्हती. बाजारात बसणाऱ्या बाईचा हिशेब शेकड्यावर चालतो. सावकाराचा दर ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. आठशे घेतले तर महिन्याचे चोवीस, सुगीपर्यंत पाच महिने राहिले तर एकशेवीस, त्यात मधेच दोनशे परत केले तर तिथून पुढं अठरा. हे गणित ती जोंधळे पाखडता पाखडता करते. तिला वर्षाचा छत्तीस टक्के दर विचारला तर कदाचित सांगता येणार नाही, कारण तिचा सावकार वर्षाच्या भाषेत बोलतच नाही.

1997 साली परवाना मिळाला. 1,335 सभासदांनी 7 लाख 8 हजार रुपयांचं भांडवल उभं केलं होतं. माणशी सरासरी काढली तर साधारण 530 रुपये. त्या काळात, त्या मुलखात, मजुरी करणाऱ्या बाईनं पाचशे रुपये एखाद्या भागभांडवलात घालणं म्हणजे काय, हे ज्याला रोजगार हमीची हजेरी माहीत आहे त्याला सांगायला नको.

वाट अगदीच नवी होती असं नाही. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’नं 1974 मध्ये चार हजार बायकांच्या दहा-दहा रुपयांवर बँक उभी केली होती, आणि तिथंही निरक्षरतेचाच अडसर आला होता. त्याच वर्षी पुण्यात भगिनी निवेदिता बँक सुरू झाली, ती शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकांच्या जोरावर. त्याच सुमाराला, 1975 साली, मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा’त एकत्र आणून राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात उभं केलं. माणदेशीचं वेगळेपण जागेत आहे. इथं ना गिरणीचा पगार, ना शहराची गर्दी. खेड्यातल्या बायकांनी खेड्यातल्या बायकांसाठी चालवलेली देशातली पहिली बँक म्हणून ती ओळखली जाते.

परवाना मिळाला म्हणजे बँक चालली असं होत नाही. खरी परीक्षा बाजारात होती. भाजीवाली, बांगडीवाली किंवा सुकी मासळी विकणारी बाई दिवसाचा धंदा सोडून काउंटरवर येणार कशी? म्हणून बँकच तिच्याकडे जाऊ लागली आणि रोजची वसुली, रोजची बचत जागेवर होऊ लागली. आठवडी बाजारातल्या विक्रेतीची गरज आणखी निराळी असते. पहाटे माल उचलायला तिला रोकड हवी. सावकार हजार लिहून नऊशे हातावर टेकवतो आणि संध्याकाळी हजार घेतो. नऊशेवर एका दिवसाचे शंभर! वर्षभरासाठी घेतलेलं हप्त्याचं कर्ज तिच्या कामाचं नसतं. तिला हवी असते सकाळी उचलून रात्री भरायची सोय. मोठ्या व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट मिळतं, ते पाटी घेऊन बसणारीला का मिळू नये, हा प्रश्न बायकांनीच विचारला, आणि बँकेनं त्यांच्यासाठी तशी सोय काढली.

पुढची अडचण खातेपुस्तकाची निघाली. ते घरी नेलं की नवऱ्याच्या हाती लागतं आणि शिल्लक किती ते कळतं. पैसे कमावणं सोपं, लपवणं अवघड. यावर बँकेनं कार्डाचा मार्ग काढला. मग कार्डाला पिन आला, आणि पिनवर बायका अडून बसल्या. आकडा घरात कुणीही बघेल, सांगायला लावेल. अंगठा कोण चोरणार? अंगठ्यावरच व्यवहार ठेवा, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. ज्या अंगठ्यापायी बँकेचा परवाना अडला होता, तोच आता या बायकांना सगळ्यात खात्रीची सही वाटत होता. बँकिंगच्या परिभाषेत याला बायोमेट्रिक म्हणतात. त्या अर्थानं म्हसवडच्या बायका काळाच्या जराशा पुढंच होत्या.

2006 मध्ये ‘माणदेशी उद्योगिनी’ हा व्यवसायशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. इंग्रजीत त्याला बिझनेस स्कूल म्हणतात आणि नाव ऐकून काहीजण हसतात. हसू नये. मालाची किंमत लावताना स्वतःच्या मजुरीचे पैसे धरायचे असतात, हे शिकवणारी शाळा आपल्या मोठमोठ्या गावांतही नाही. शिवणकाम करणारी बाई कापड, दोरा, बटणं आणि वीज सगळं मोजते, आणि आपले चार तास फुकट देते. खेड्यातल्या बायकांचे निम्मे धंदे या एका हिशेबात बुडतात. ज्यांना म्हसवडला येणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी शाळा बसमध्ये चढली आणि गावोगाव फिरू लागली. शिवण, संगणक, मोबाइल, दागिने घडवणं, शेळ्यांचं कृत्रिम रेतन, असलं काय काय त्यातून शिकवलं गेलं. शेळ्यांच्या ‘डॉक्टरीण’ झालेल्या बायकांना सुरुवातीला गावकऱ्यांनी टिंगलीवर नेलं. करडं चांगली निपजली तशी टिंगल थांबली.

2008 मध्ये 90.4 वर ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हा सामुदायिक रेडिओ सुरू झाला. बाजारभाव, पाऊसपाणी, आरोग्य, जात्यावरच्या ओव्या, सगळं माणदेशी बोलीत. पुण्या-मुंबईच्या निवेदकाची मुलायम मराठी ऐकून कंटाळलेल्या माझ्यासारख्याला ही बोली कानाला बरी वाटते.

या सगळ्यावर 2012 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, वैरण संपली. केराबाई नावाची खातेदार दागिने गहाण ठेवायला आली. चौकशी केली तर पैसे हवे होते ते जनावरांच्या चारापाण्यासाठी. माणसाचं भागेल, मुक्या जितराबाचं काय, आणि पाणीच नसेल तर तुमच्या त्या शाळेचा आणि बँकेचा उपयोग काय, असं तिनं तोंडावर विचारलं. बँकेच्या नियमावलीत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दागिने ठेवून पैसे द्यायचे आणि गप्प बसायचं, हा बँकेचा रीतसर मार्ग होता. संस्थेनं तो सोडून म्हसवडला जनावरांची छावणी उघडली.

चारा छावणी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला दुरून कळत नाही. जनावराबरोबर माणूसही तिथंच मुक्कामाला येतो. गावागावांतली दावण एका माळावर येते, वर ताडपत्री, खाली शेण. टँकर आला की एकच धावपळ. वैरणीला उसाचे वाढे, कुट्टी, मधूनच पेंड. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, छावणीत बाई आणि गाय. दोन-चार महिन्यांत आटोपेल वाटलेलं हे काम पाऊस न आल्यानं दीड वर्षापर्यंत लांबलं. केराबाई छावणीत ओव्या-गाणी म्हणायची. ती पुढं रेडिओवर आली आणि निवेदिका झाली. छावणीनंतर बंधारे आणि पाणी अडवण्याची कामं संस्थेनं अंगावर घेतली. एका खातेदारानं विचारलेल्या प्रश्नामुळे बँकेचं आणि तिच्या जोडीच्या माणदेशी फाउंडेशनचं निम्मं कामच बदललं.

शाळा लांब म्हणून सुटणाऱ्या मुलींसाठी सायकलींची योजनाही अशाच गरजेतून आली. मुलींना घराबाहेर पडायला खेळानंही बळ दिलं. याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. त्याआधी 2014 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि 2015 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण तिनं घेतलं होतं. तिला ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हणतात. तिच्या यशाचं श्रेय कुठल्या संस्थेनं घ्यायचं कारण नाही, ते तिच्या पायांचं आहे. पण मुलगी धावायला बाहेर पडली की कपाळावर आठ्या घालणारी माणसं तिच्यानंतर थोडी कमी झाली, आणि संस्थेच्या ‘माणदेशी चॅम्पियन्स’ या उपक्रमात येणाऱ्या मुलींना त्याचा फायदा झाला.

2018 मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्ष सातही स्त्रिया होत्या. चेतना सिन्हा त्यांतल्या एक. वर्तमानपत्रांनी फोटो छापले आणि म्हसवडमध्ये कौतुक झालं. माझ्या मते माणदेशीच्या वाटचालीतला हा टप्पा दोन ओळींत आटपण्यासारखा आहे. कांताबाईंचं खातं उघडलं तो दिवस यापेक्षा मोठा होता.

पुढचा प्रश्न वारशाचा. चळवळीतून उभ्या राहिलेल्या संस्था संस्थापकांच्या सावलीत वाढतात आणि त्यांच्या मागं वाळतात, असं महाराष्ट्रात कितीदा तरी घडलं आहे. इथं एक जमेची बाजू दिसते. बँकेच्या जवळपास प्रत्येक सोयीचा उगम कुणा ना कुणा खातेदाराच्या तक्रारीत सापडतो. तक्रार ऐकून घ्यायची ही सवय टिकली तर अध्यक्ष कोण, याला फारसं महत्त्व उरणार नाही. सहकारी बँकांवरचे नियम अलीकडे आणखी कडक झाले आहेत, ते योग्यच झालं. मात्र कागदपत्रं वाढत जाताना पाच रुपये ठेवायला आलेली बाई पुन्हा महागात पडू लागणार नाही, हे बघायला हवं.

आणि तक्रारी काही संपलेल्या नाहीत. व्यवसाय करणाऱ्या बायकांचा चेंबर ऑफ कॉमर्स माणदेशीनं उभा केला, तो अशाच गाऱ्हाण्यांसाठी. आठवडी बाजारात दिवसभर बसणाऱ्या बायकांना सावली आणि मुतारी हवी असते. बहुतेक ठिकाणी दोन्ही नसतात, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. बाजारकराची पावती मात्र दर बाजारी वेळेवर फाटते.