तळटीप : रडार क्रॉस सेक्शन

* रडार क्रॉस सेक्शन : वस्तूवर पडलेल्या रडारलहरींपैकी किती रडारकडे परततात, याचे माप, एकक चौरस मीटर. वस्तूच्या आकारमानाशी ते जुळेलच असे नाही. तरंगलांबीहून बऱ्याच मोठ्या धातूच्या गोळ्याचे माप त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाइतके असते, म्हणून मोजणीआधी उपकरणे अशा गोळ्यावर जुळवून घेतात. उलट १ मीटर बाजूचा चौरस पत्रा ३ सेंटिमीटरच्या लहरींना अगदी समोरून सुमारे १४,००० चौरस मीटरचा ‘दिसतो’. थोडा तिरपा केला की हा आकडा कोसळतो. तेव्हा उरते ते मुख्यतः कडांवरून होणारे विकिरण, आणि खरे अवघड गणित तेच. ते सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२च्या पुस्तकात मांडले. पुस्तक गुप्त नव्हते. अमेरिकी हवाई दलाने १९७१मध्ये त्याचे भाषांतर केले; लॉकहीड या विमान कंपनीतील डेनिस ओव्हरहोल्सर यांनी ते हेरले. त्या गणिताच्या मदतीने आखलेल्या, सपाट पैलूंच्या ‘हॅव ब्ल्यू’ या कंपनीच्या प्रायोगिक विमानाने १९७७च्या डिसेंबरात पहिले उड्डाण केले. स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, विमानांच्या कथेत उफिम्त्सेव यांचे नाव बहुधा ओझरतेच येते; ते ठळकपणे यायला हवे, म्हणून ही टीप.